मान वाकडी झाली तर आधी सिस्टरला हाक मारा

नमस्कार मंडळी. घरातलं पंधरा-सोळा वर्षांचं पोर मनाच्या आजारासाठी ॲडमिट होतं, डॉक्टर अँटीसायकोटिक सुरू करतात, म्हणजे भास, खोटे संशय कमी करणारी रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, हॅलोपेरिडॉल असली औषधं, आणि आईबापांच्या पोटात गोळा येतो.

कळव्याच्या एक ताई आहेत, मुलगा अकरावीत. त्याला आवाज ऐकू यायचे, जेवणात काहीतरी घातलंय म्हणून ताट सरकवायचा. शेवटी ॲडमिट केलं, आणि अल्पवयीन पेशंटजवळ घरचं माणूस राहायलाच लागतं, 2017च्या मानसिक आरोग्य कायद्यातच आहे तसं, म्हणून ताई वॉर्डातच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोराची मान एका बाजूला वळली ती वळलीच, डोळे वर, जीभ जड. आजी नेमकी डबा घेऊन आलेली, म्हणाली, "अगं बाहेरचं लागलंय याला, चल घरी, अंगारा लावू." ताई मात्र धावत सिस्टरकडे. सिस्टरनी मानेला हात लावला नि म्हणाल्या, "आजी, औषधाने स्नायू आखडलेत, सुटतील आत्ता." प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं, अर्ध्या तासात मान सरळ, आणि पोरगं विचारतंय, "आजी, डब्यात काय आणलंय?" पिठलं-भाकरी होती, आजीने बेडवर बसून भरवली. ज्याने ताट सरकवलं होतं त्याने सगळी खाल्ली हो! डॉक्टरांनी मग औषध बदललं.

याला डिस्टोनिया म्हणतात, कोवळ्या वयात जास्त होतो, बहुतेक पहिल्या काही दिवसांतच. परत सांगते, मान आखडली, डोळे वर गेले की सिस्टरला हाक मारा, लगेच.

आणि हो, "याला ठाण्याला पाठवा" हे बोलणं बंद करा बाबांनो. 1901 पासून ते मनोरुग्णालय माणसं बरी करतंय आणि आपण ठाणेकरच त्याची शिवी करतो, मला फार राग येतो.

तर, वजन. ओलान्झापिनने भूक भयंकर वाढते, म्हणून सुरुवातीलाच वजन, कंबर, उपाशीपोटीची शुगर, कोलेस्टेरॉल बघायला सांगा आणि पुढेही बघत राहा. रिस्पेरिडोनने मुलींची पाळी चुकू शकते, मुलांची छाती वाढू शकते, पोरं लाजेने सांगत नाहीत, तुम्हीच विचारा. एका जागी बसवत नसेल, सारख्या येरझाऱ्या चालू असतील तर तेही औषधाचं असू शकतं, आजार वाढला असं धरून बसू नका, डॉक्टरांना सांगा. पण गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, अजिबात नाही, आजार उलटतो.

घरी आल्यावर कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन आहे, 14416, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. लिहून घ्या, एक चार चार एक सहा.