रामल्यातलं घर

नमस्कार, श्रोतेहो.

जुलै १९६७. इस्राएलमधल्या रामला गावात एका दगडी घराची बेल वाजली. घरात दालिया एश्केनाझी एकटीच होती, १९ वर्षांची. बाहेर तीन अरब तरुण उभे होते, ऐन उन्हाळ्यात कोट-टाय घातलेले. त्यांतला बशीर खैरी म्हणाला की हे घर माझ्या वडिलांनी बांधलंय, आत येऊन बघू का? याआधी दुसऱ्या एका घराच्या दारातून या तिघांना हाकलून दिलं होतं. दालियानं त्यांना आत घेतलं.

रामला आणि शेजारचं लोद ही नावं आपल्याकडच्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरांना चांगली ठाऊक आहेत. कोकणातून गेलेली कितीतरी मराठी कुटुंबं तिथं वसली. पण त्याच्याही आधी, जुलै १९४८च्या लढाईत, या दोन गावांतून ५० हजारांहून जास्त अरबांना बाहेर काढलं गेलं. बशीर तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याच वर्षी दालियाचे ज्यू आईवडील तान्ह्या पोरीला घेऊन बल्गेरियातून आले आणि त्यांना हे रिकामं घर मिळालं. अरब पळून गेले, एवढंच ऐकत ती मोठी झाली.

बशीरनं तिला इस्राएलच्या ताब्यातल्या पश्चिम किनाऱ्यावर, रामल्लाहला घरी बोलावलं. ती गेली. आधी पाहुणचार झाला आणि मग वाद. बशीरचं म्हणणं, १९१७ नंतर, म्हणजे ब्रिटननं ज्यूंच्या मायदेशाला पाठिंबा जाहीर केल्यानंतर, बाहेरून आलेल्यांनी परत जावं. दालियानं विचारलं, माझा जन्म १९४७चा, मी कुठं जाऊ? कुणीच कुणाला पटवू शकलं नाही, पण येणंजाणं राहिलं. एकदा बशीरचे वडील आले. ते अंध होते. भिंतीच्या खडबडीत दगडांवरून त्यांनी हात फिरवला आणि परसातली लिंबोणी अजून आहे का, असं विचारलं. झाडापाशी नेल्यावर ते बुंधा कुरवाळत गप्प उभे राहिले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दालियाच्या वडिलांनी त्यांच्या हातात एक लिंबू दिलं. पुढं कित्येक वर्षांनी बशीरच्या आईनं सांगितलं की झोप लागली नाही की ते तेच सुकलेलं लिंबू मुठीत धरून घरात येरझाऱ्या घालायचे.

मग फेब्रुवारी १९६९मध्ये जेरुसलेमच्या एका सुपरमार्केटात बॉम्बस्फोट झाला, दोघं मेले. त्या प्रकरणात कोर्टानं बशीरला दोषी ठरवलं. १५ वर्षं तो तुरुंगात होता. दालियानं त्याच्याशी संबंध तोडले. तिच्या जागी मी असते तर मीही तोडले असते.

विरोधकाशी बोलायला बसा, असा सल्ला मी पुष्कळदा ऐकते आणि दर वेळी मला काळजी वाटते की आपण हे काम फार सोपं समजतोय. १९९५मध्ये यित्झाक फ्रांकेंथल या इस्राएली बापानं, हमासनं त्याच्या मुलाला मारल्यानंतर, मूल गमावलेल्या दोन्ही बाजूंच्या घरांना एकत्र आणायला सुरुवात केली. रामी एल्हनान हेही इस्राएली बाप, तिथं आले ते अगदी नाखुशीनं. त्यांची मुलगी स्मदार १९९७च्या आत्मघाती हल्ल्यात गेली होती. ते सांगतात, बसमधून काळ्या कपड्यांतली एक पॅलेस्टिनी बाई उतरली, छातीशी तिच्या मुलाचा फोटो होता. तेव्हा त्यांचं वय ४७ होतं, आणि पॅलेस्टिनी माणसाकडं माणूस म्हणून त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं, तेही त्याच भूमीत जन्म काढून! याच गटातले पॅलेस्टिनी बस्साम अरामीन यांची दहा वर्षांची मुलगी अबीर २००७मध्ये शाळेबाहेर इस्राएली सीमा पोलिसांच्या रबरी गोळीनं गेली. आज हे दोघे बाप एकमेकांना भाऊ म्हणतात आणि शेजारी बसून तीच कहाणी पुन्हा पुन्हा सांगतात.

पण खोलीतल्या खुर्च्या सारख्या असल्या तरी खोलीपर्यंतचा रस्ता सारखा नसतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या पॅलेस्टिनीला इस्राएलमध्ये येण्यासाठी लष्कराचा परवाना लागतो. २०१८ आणि २०१९मध्ये दोन्ही बाजूंच्या मृतांच्या संयुक्त स्मरणसभेसाठी सरकारनं परवाने नाकारले, कोर्टात जावं लागलं. शिवाय घरी परतल्यावर ज्यूला गद्दार म्हणतात आणि पॅलेस्टिनीवर ‘तत्बी’चा ठपका बसतो, म्हणजे अन्यायाशी जुळवून घेतल्याचा. हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. चर्चेनं तपासनाका हटत नाही. नेवे शालोम–वाहत अल-सलाम या गावात ज्यू आणि अरब ठरवून एकत्र राहतात. तिथल्या शांतिशाळेत म्हणूनच एक ज्यू आणि एक अरब असे चर्चा चालवणारे दोघे प्रत्येक बैठकीत बसतात, आणि मध्येमध्ये दोन्ही गट वेगळेही बसतात. गोडगोड ओळखीपाळखीत न अडकता सत्ता कुणाच्या हातात आहे हे तिथं उघड बोललं जातं. मला ही रीत पटते.

आता पुन्हा रामल्याकडं. बशीर सुटला. दालियाच्या वडिलांच्या पश्चात घर तिच्याकडं आलं, तेव्हा तिनं जाऊन त्यालाच विचारलं, या घराचं काय करू? तो म्हणाला, अरब मुलांसाठी बालवाडी काढ. १९९१मध्ये तिथं बालवाडी सुरू झाली, आणि ज्यू-अरबांच्या भेटीगाठींची जागाही.

त्याआधी, जानेवारी १९८८मध्ये, इस्राएलनं बशीरला लेबनॉनमध्ये हद्दपार केलं. दालियानं त्याला वर्तमानपत्रातून खुलं पत्र लिहिलं. घराची सगळी कहाणी सांगितली, आणि हिंसा सोड असंही कळकळीनं लिहिलं. बशीरनं उत्तर पाठवलं. परतण्याचा हक्क त्यानं सोडला नाही, पण तोवर तिला ठाऊक नसलेली एक गोष्ट कळवली. सहा वर्षांचा असताना गाझात त्यानं खेळणं समजून काहीतरी उचललं होतं. ते फुटलं आणि त्याचा डावा पंजा गेला. ओळख होऊन वीस वर्षं झाली होती. इतक्या भेटींत, इतक्या वादांत, तो हात कायम खिशात असायचा, आणि तो खिशातच का असतो हे दालियाला त्या पत्रातून कळलं.