‘कसं कळलं’ नावाचा रकाना

(यवतमाळ जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्यांसाठी घेतलेल्या तीन दिवसांच्या नकाशा-प्रशिक्षणातलं पहिल्या दिवशीचं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

मागं बसलेल्यांनी पुढं या राजेहो, पंख्याखाली जागा आहे. लॅपटॉप बारा आहेत आणि आपण तेवीस जण, म्हणजे दोघांत एक. ज्यानं आजवर माऊस हातात धरला नाही त्यानंच आधी धरायचा. ज्याला येतं त्यानं हाताची घडी घालून बसायचं. हा नियम कडक आहे. दरवेळी मी पाहतो, संगणक चालवणारा पोरगा भराभर क्लिक करत सुटतो आणि वीस वर्षं वॉल्व्ह फिरवलेला माणूस शेजारी बसून मान डोलावतो. शेवटी प्रमाणपत्र दोघांनाही मिळतं. पण ज्याला लाईन ठाऊक आहे त्याला नकाशा येत नाही, आणि नकाशा येतो त्यानं लाईन कधी पाहिलेली नसते.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका गावची लाईन मी संगणकावर उतरवली. योजनेचं मूळ ड्रॉइंग मिळालं होतं. ते स्कॅन करून मागं ठेवलं आणि वरून रेघ ओढली. निळी, जाड, एकदम सरळ. तिथल्या वॉल्व्हमननं ती पाहिली आणि म्हणाला, “सायेब, लाईन इतून नाई जात. खोदताना खडक लागला होता, म्हून नाल्याच्या अंगानं नेली.” मी म्हटलं, ड्रॉइंगमध्ये तर इथूनच आहे. तो गप्प बसला. साहेबापुढं आपला माणूस एकदाच बोलतो, दुसऱ्यांदा नाही.

पुढच्या उन्हाळ्यात रस्त्याच्या कामाला जेसीबी आला. ठेकेदारानं माझा नकाशा पाहिला, नाल्याची बाजू मोकळी दिसली, बकेट घातली आणि चार इंची लाईन फोडली. ऐन लग्नसराई. चार दिवस गाव टँकरवर. शिव्या सगळ्या जेसीबीवाल्यानं खाल्ल्या, मला कुणी चकार शब्द बोललं नाही. खरं तर त्याच्या जागी मी असतो तर मीही तिथंच खोदलं असतं. हातानं काढलेला कागद असता तर त्यानं गावात कुणाला तरी विचारलं असतं. स्क्रीनवरच्या रेघेवर कुणी शंका घेत नाही.

तेव्हापासून मी जो लेअर, म्हणजे नकाशाचा एक थर, बनवतो त्याच्या तक्त्यात व्यास, पाइपाचा प्रकार, वर्ष आणि खोली यांच्या पुढं आणखी एक रकाना असतो. त्याचं नाव ‘कसं कळलं’. उत्तरं चारच: उघडं पाहिलं, ड्रॉइंगवरून, कुणी सांगितलं, अंदाजे. पहिलं उत्तर असेल तर रेघ सलग दिसते, बाकी तिन्ही असतील तर तुटक. तशी सोय सॉफ्टवेअरमध्ये एकदाच करून ठेवायची, मग रंगरेषा ते आपोआप सांभाळतं. पहिल्या महिन्यात नकाशा जवळपास सगळाच तुटक येतो. सरपंचांना तो आवडत नाही, “हे काय शिवणकाम केलं?” असं एकांनी मला विचारलं होतं. येऊ द्या तसा. पुढं कुठं गळतीसाठी खड्डा केला, पाइप डोळ्यांनी दिसला, की तेवढा तुकडा सलग करायचा. नकाशा असा खड्ड्याखड्ड्यानं खरा होत जातो.

आता सॉफ्टवेअर. आपण क्यूजीआयएस हे नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर वापरणार आहोत. गॅरी शर्मन नावाच्या माणसानं २००२ साली ते सुरू केलं, आज जगभरचे लोक मिळून ते चालवतात. फुकट आहे, चोरीचं नाही. ‘क्रॅक’ कुठं मिळेल हा प्रश्न त्यामुळं निकालात निघाला.

पहिली अडचण आपल्या जिल्ह्याचीच आहे. पृथ्वी गोल, स्क्रीन सपाट. म्हणून पृथ्वीच्या सहा-सहा अंशांच्या उभ्या फाकी करतात आणि प्रत्येक फाक वेगळी सपाट करतात. यातल्या दोन फाकींची सीमा ७८ अंश पूर्व रेखांशावर आहे, आणि ती रेघ नेमकी आपल्या जिल्ह्यातून जाते. दारव्हा, पुसद तिच्या पश्चिमेला, म्हणजे झोन ४३. यवतमाळ, घाटंजी, वणी पूर्वेला, झोन ४४. सॉफ्टवेअरच्या यादीत त्यांचे क्रमांक ३२६४३ आणि ३२६४४ असे दिसतील. एका आकड्याचा फरक. पण दारव्ह्याच्या मापांना ४४ ची चिठ्ठी लावली तर दारव्हा ओडिशात जाऊन पडतं, आणि यवतमाळला ४३ ची लावली तर ते दमणच्या पुढं अरबी समुद्रात. गेल्या खेपेला एका भाऊंचं गाव असं समुद्रात गेलं. ते म्हणाले, “चाला, पाण्याचा प्रश्न तर मिटला!”

या ७८ अंशाच्या रेघेशी आपला संबंध जुना आहे. १८०२ साली मद्रासहून विल्यम लॅम्टन या इंग्रज अधिकाऱ्यानं हिंदुस्थान मोजायला घेतला आणि साधारण याच रेघेच्या आसपासनं तो दक्षिणोत्तर त्रिकोण जोडत निघाला. त्याचं कोन मोजायचं यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचं होतं. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर चढवताना ते आपटलं आणि त्यानं ते स्वतः दुरुस्त केलं. जानेवारी १८२३ मध्ये, नागपूरच्या वाटेवर असताना, तो हिंगणघाटला वारला. कबर तिथंच आहे. वर्धा नदी ओलांडली की हिंगणघाट, तुमच्यापैकी कितीतरी जण कापूस घेऊन जात असतील. अर्धा टन वाहून नेणारा माणूस आपल्या शेजारी झोपलाय आणि आपण खिशातला फोन काढायला कंटाळतो, एवढंच म्हणतो.

अर्थात फोनचं कौतुकही फार नको. उघड्या आभाळाखाली साध्या फोनचा जीपीएस पाचेक मीटर इकडंतिकडं होतो. निंबाखाली, टिनाच्या छपराजवळ त्याहून जास्त. आपली गल्ली दहा फुटांची, म्हणजे तीन मीटर. म्हणून तर पहिल्या दिवशीच्या नकाशात वॉल्व्ह कुणाच्या तरी सैपाकघरात निघतो. गल्लीत टेप लागतेच. हलत नाहीत असे दोन कोपरे निवडा: मारुतीच्या पाराचा, अंगणवाडीच्या भिंतीचा. दोन्हींपासून वॉल्व्हच्या चेंबरच्या मध्यापर्यंतचं अंतर घ्या. स्क्रीनवर त्या दोन अंतरांची वर्तुळं काढा, ती कापतात तिथं वॉल्व्ह. वर्तुळं मात्र दोन ठिकाणी कापतात आणि त्यातलं एक ठिकाण भलतीकडं असतं. गोंधळ वाटला तर तिसऱ्या कोपऱ्यापासून माप घ्या.

झाडाची खूण धरू नका. तुमच्या निम्म्या खुणा झाडांच्या आहेत हे मला माहीत आहे. एका म्हाताऱ्या वॉल्व्हमनबरोबर मी सकाळभर फिरलो. तो थांबायचा, पहार जमिनीवर आपटायचा, कान लावायचा आणि म्हणायचा, “इथं बाभूळ होती, तिच्यापासून पाच पावलं.” बाभूळ कधीच तोडली होती. पावलं त्याची, बाभूळ त्याच्या डोक्यात, आणि पाच पावलांवर खोदलं तर खरंच वॉल्व्हचं झाकण निघालं. किती फेऱ्यांत बंद होतो, उलटा फिरतो की सुलटा, हेही त्यानं सांगितलं. तो रकाना मी त्याच्यामुळं वाढवला. सिमेंटची जुनी लाईन, तिच्यावर पीव्हीसी, आणि २०१९ नंतर जलजीवनची एचडीपीई (दोन्ही प्लास्टिकच्याच), असे एकाच गल्लीत तीन-तीन पाइप असतात. प्लास्टिकचा पाइप धातू शोधणाऱ्या यंत्राला सापडत नाही. तिथं पहार आणि असा माणूस, दुसरा इलाज नाही.

काही गोष्टी भराभर सांगतो, वहीत लिहून घ्या. पेन्सिलीचं चिन्ह दाबून काढलेली रेघ वेगळी सेव्ह करावी लागते, प्रोजेक्ट सेव्ह केलं म्हणजे ती झाली असं नाही. इथं लाईट कधी जाते ते तुम्हाला सांगायला नको. नकाशा साठवायच्या फायलींचे दोन प्रकार दिसतील: शेपफाईल नको, जिओपॅकेज घ्या. शेपफाईल ही चार-पाच फायलींची मोळी असते, लोक त्यातली एकच व्हॉट्सअ‍ॅपवर धाडतात आणि मग “उघडत नाही” म्हणून फोन करतात. शिवाय तिच्या रकान्याचं नाव दहा इंग्रजी अक्षरांत बसवावं लागतं, देवनागरीत तर तीन अक्षरांवर गाडी अडते. पाइपाचा प्रकार टाइप करू देऊ नका, यादीतून निवडू द्या, नाहीतर ‘पीव्हीसी’, ‘पी.व्ही.सी.’ आणि ‘पिव्हिसी’ असे तीन वेगळे पाइप गावात निघतील. लांबी अंशांत मोजू नका. एका ताईंनी टाकी ते गाव सव्वा किलोमीटरची लाईन मोजली आणि उत्तर आलं ०.०११. आणि दोन रेघा जिथं जुळतात तिथं स्नॅपिंग, म्हणजे टोकाला टोक आपोआप चिकटवायची सोय, चालू ठेवा. लांबून जुळलेल्या दिसतात, जवळ गेलं की मध्ये फट, आणि मग वॉल्व्ह बंद केला तर कुठली घरं कोरडी पडतील ते सॉफ्टवेअरला सांगता येत नाही.

हे सगळं कशाला, असं काहींच्या चेहऱ्यावर दिसतंय. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइपाचे जोड ओढून काढते. गळतीचं पाणी भेगेतून चालत जाऊन भलतीकडंच वर येतं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक? म्हणून गळतीचा वेगळा लेअर ठेवा: पाणी वर आलं ते ठिकाण, पाइप फुटला होता ते ठिकाण, तारीख. वर्षभरात ठिपके कुठं दाटतात ते पाहा. मासिक सभेत “लाईन जुनी झाली” म्हटलं की सगळे हो म्हणतात आणि विषय पुढं ढकलतात. या दोनशे मीटरमध्ये नऊ वेळा खोदलं, प्रत्येक वेळेची ही तारीख, असं मांडलं की ढकलायला जरा जड जातं.

बरं, जेवणाची वेळ झाली. दुपारी टाकीपासून सुरू करू. फोन आत्ताच चार्जिंगला लावा, उन्हात स्क्रीन दिसत नाही म्हणून दुपट्टा सोबत असू द्या. टेप दोनच आहेत. आणि पहार कुणी आणली आहे का? नसेल तर शेजारच्या घरून मागून आणा.