मुरलेले आणि नवे

(दृश्य: डांबरीकरण चालू असलेला रस्ता, मागून रोलर)

मे महिना. चंद्रपूर जिल्हा. पावसाआधी रस्ता उरकायची घाई आहे. हवामान खातं संध्याकाळी जो आकडा सांगेल, तो सावलीतला. झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर मोजलेला. इथं डोक्यावर ऊन आणि पायाखाली सव्वाशे अंशांच्या वरचं डांबर. त्या 45 अंशांशी या फावड्याचा संबंध कमीच.

(दृश्य: दुपट्टा गुंडाळलेला तरुण मजूर)

हा नवा गडी. जुन्यांच्या बरोबरीनं फावडं मारायची त्याची जिद्द. सगळ्यात जास्त धोका त्यालाच. उन्हाला शरीर मुरायला एक-दोन आठवडे लागतात. मग घाम लवकर सुटतो, भरपूर येतो आणि त्यातून मीठ कमी जातं. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेची शिफारस अशी, की नव्या माणसानं पहिल्या दिवशी 20 टक्केच वेळ उन्हात काम करावं, मग रोज 20 टक्के वाढवावं.

मुकादमाला हे सांगून बघा. काम अंगावर घेतलेलं, एक हात कमी पडला की टोळीची मजुरी घटते. म्हणून नव्याच्या पहिल्या आठवड्याचा हिशेब ठेकेदारानंच दरात धरायला हवा. मजुरांच्या समजूतदारपणावर तो सोडणं म्हणजे जबाबदारी झटकणं.

पाणी दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, तहानेची वाट न बघता. पण बायका मुद्दाम कमी पितात. जायला आडोसा नाही. चार बांबू आणि ताडपत्री बांधली, तर रांजणातलं पाणी खरंच संपेल.

(दृश्य: झाडाखाली बसवलेला मजूर)

कुणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला, की ‘दारू प्यायलाय’ म्हणून हसू नका. अंगातला ताप 40 अंशांपुढे गेलेला असू शकतो. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका. राबताना आलेल्या उष्माघातात अंग ओलंही असतं. खिशातला कांदा राहू द्या खिशात. सावलीत न्या, कपडे सैल करा, 108 ला फोन लावा. अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. रोलरसाठी टँकर उभा असतोच. रुग्णवाहिका येईपर्यंत त्याचा नळ बंद करायचा नाही.