आधी कान, मग हात
(ढोल-ताशा वादकांसमोर जुलै 2022च्या अखेरीस नाशिकमध्ये केलेल्या भाषणाचे संपादित रूप)

मंडळी, गणेश चतुर्थी 31 ऑगस्टला आहे आणि यंदा मिरवणूक निघणार आहे. 2020 आणि 2021 ही दोन्ही वर्षं कोरोनामुळे सार्वजनिक मूर्ती 4 फुटांच्या आत, घरची 2 फुटांच्या, आणि मिरवणूक नाहीच. ती बंदी उठल्याची बातमी आली त्याच रात्री आपल्या ग्रुपवर ‘ढोल कधी काढायचे?’ सुरू झालं.

ढोल काढले. दोन पावसाळे बंद गोदामात राहिलेल्या ढोलाचं काय होतं ते तुम्ही परवा पाहिलंत. चामड्याची पानं बुरशीने पांढरी पडली होती, दोर हातात तुटत होता, ताशांची तांब्याची भांडी हिरवी झाली होती. एका ढोलात तर उंदरीणबाईंनी बाळंतपण उरकलं होतं! त्याचं मला फारसं दुःख नाही. पान बदलता येतं, दोर नवा ओवता येतो.

खरी खोट दुसरीकडे आहे. पथकात गुरुजी नसतात. पहिल्या वर्षीच्या पोराला शिकवतो तो दुसऱ्या वर्षीचा पोरगा. शेजारी उभा राहून ‘अरे, थापी (तळहाताचा ठोका) आधी, टिपरू (काठीचा ठोका) नंतर’ असं ओरडतो आणि ओरडता ओरडता त्याचा स्वतःचा हात बसतो. दोन वर्षं भरती झाली नाही आणि ही पायरीच निखळली. 2019ला जी मुलं अकरावी-बारावीत होती, ती आज पुण्याला आहेत. कुणी शिकतंय, कुणी नोकरी करतंय. उरले कोण? एकीकडे पस्तिशी ओलांडलेले आपण आणि दुसरीकडे मिरवणूक फक्त मोबाइलवर पाहिलेली पोरं. मधलं कुणीच नाही.

पहिल्या सरावाला काय झालं ते आठवा. जुन्यांच्या अंगात आलं. ताशाने हात, म्हणजे वाजवायचा ताल, उचलायच्या आत ढोल धावत सुटले. नवे बिचारे आपल्या हाताकडे टक लावून अर्धा ठोका मागून वाजवत होते. आवाज भरपूर आला, पण ताल कुठेच नव्हता. याचं कारण साधं आहे. लॉकडाऊनमध्ये आपण घरी उशीवर टिपरू मारत राहिलो, त्याने हात टिकला, कान मात्र टिकला नाही. व्हिडिओ कॉलवर एकत्र वाजवायचाही प्रयोग झाला. तिथे प्रत्येकाचा ठोका दुसऱ्याकडे उशिरा पोचतो, ताल जुळणार कसा? ताशाचं ऐकायचं आणि शेजाऱ्याला धरून वाजवायचं, हे एकट्याने घोटता येत नाही.

म्हणून माझं म्हणणं, पहिला आठवडा कमरेला ढोल बांधूच नका. रांगेत उभे राहा, टाळ्यांवर हात म्हणा, टोलाची, म्हणजे ठोका धरणाऱ्या धातूच्या तबकडीची, लय ऐका. जुन्या-नव्यांच्या जोड्या लावा. जुन्यांनो, पुढची रांग सोडायची तयारी ठेवा. मिरवणुकीत ढोल किती उतरवले याच्या फुशारक्या यंदा नकोत.

शेजाऱ्यांचंही ऐकायला हवं. दोन वर्षं लोकांच्या कानाला शांततेची सवय झाली आहे. सरावाच्या तक्रारी येणारच आणि माझ्या मते त्या रास्त आहेत. रहिवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, रुग्णालयापासून 100 मीटर शांतता क्षेत्र. ढोलाचा एक ठोकाही त्यात बसत नाही. गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, मोकळी जागा आहे, पण यंदाच्या पुराने तिथे चिखल करून ठेवलाय. वाळेपर्यंत थांबू.

हजेरीच्या वहीत काही नावांपुढे खूण होणार नाही. एप्रिल 2021च्या कोरोना लाटेने या शहराचं काय केलं ते नाशिककरांना मी काय सांगणार. त्या घरी आधी जाऊन या, वर्गणीचं नंतर बघू.

आणि कंबर! मिरवणुकीत वाकडी बारवेपासून मेन रोड, अशोकस्तंभ, रविवार कारंजा करत पंचवटीपर्यंत जायचं, म्हणजे चालण्यापेक्षा उभं राहणंच जास्त. पुढचं मंडळ हलेपर्यंत ढोल कमरेलाच असतो. ज्यांची पाठ धरते त्यांनी टोल घ्यावा, ध्वज घ्यावा, त्यात कमीपणा कसला? शनिवारी येताना कानात घालायला कापूस आणि तळहाताला बांधायला चिकटपट्टी आणा. टिपरू घरीच ठेवा.