मानवतचा कापूस, धाराशिवचा ऊस आणि जिनिव्हाचं बंद पडलेलं अपील मंडळ

हे मानवतचं जिनिंग, परभणी जिल्हा. गाड्यांची लाईन बघा कुठपर्यंत गेलीय. व्यापारी मूठभर कापूस उचलतो, दाबून ओल बघतो, चिमटीत धरून धागा ओढतो, भाव सांगतो आन् पुढच्या गाडीकडं जातो. पण त्या भावात बाहेरच्या मार्केटचा रेट असतो, अमेरिका तिच्या शेतकऱ्याला किती अनुदान देते ते असतं, आपलं आयात शुल्क असतं. ह्याचे नियम जिथं ठरतात ती जागतिक व्यापार संघटना, डब्ल्यूटीओ, 1995 ला सुरू झाली, ऑफिस जिनिव्हात, मेंबर 166.

तिथं मतदान सहसा होतच नाही, सगळ्यांचं एकमत लागतं. म्हणजे नियमानं चाडसारखा गरीब देश पण अमेरिकेला अडवू शकतो. 2003 ला बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली ह्या चार देशांनी मुद्दा लावून धरला की अमेरिकेच्या अनुदानानं जगात कापसाचा भाव पडतो आणि मरण आमच्या शेतकऱ्याचं होतं. 2015 ला निर्यात अनुदान बंद करायचं ठरलं, देशातल्या अनुदानाची चर्चा मात्र अजून चालूच आहे. ब्राझीलनं ह्याच विषयावर 2002 ला रीतसर केस टाकली, 2005 ला अपिलात पण जिंकले, तरी अमेरिका ऐकेना, मग 2009 ला ब्राझीलला अमेरिकन मालावर उलट कर लावायची परवानगी मिळाली तेव्हा कुठं हालचाल झाली आणि 2014 ला 30 कोटी डॉलर देऊन अमेरिकेनं प्रकरण मिटवलं. माझ्या मते खरी गोम इथंच आहे. नियम सगळ्यांना सारखा, पण निकाल वसूल करायला मोठी बाजारपेठ हातात लागते, ती ब्राझीलकडं होती, बेनिनकडं नव्हती.

आता लातूर-धाराशिवकडं या. कारखान्याच्या काट्यावर उसाच्या ट्रॉल्या उभ्या आहेत. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं शेतकऱ्याला द्यायचा सरकारनं ठरवलेला किमान भाव, आणि साखरेच्या निर्यातीला दिलेली मदत, ह्याच्यावर 2019 ला ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालानं भारतावर केस टाकली, म्हणे उत्पादनाच्या किमतीच्या 10 टक्के ही मर्यादा, तिच्यापेक्षा जास्त आधार देता. डिसेंबर 2021 ला निकाल आपल्या विरोधात गेला. जानेवारी 2022 ला भारतानं अपील केलं, पण ऐकायला माणसंच नाहीत! सात जणांचं अपील मंडळ, एका केसला तिघं लागतात, अमेरिकेनं नव्या नेमणुका अडवून धरल्या, डिसेंबर 2019 पासून कोरम नाही आणि 2020 च्या नोव्हेंबरला शेवटच्या मेंबरची पण मुदत संपली. निम्म्याहून जास्त देश म्हणतायत नेमणुका करा, पण एकमत पाहिजे ना.

अपील लटकलं म्हणून तो निकाल लागू होत नाही, तूर्तास एफआरपी वाचली, ऊसवाल्यांना बरं वाटलं, मलाही वाटलं. पण उद्या कापसाच्या अनुदानावरनं भारतानं अमेरिकेला खेचायचं म्हणलं तर तो निकाल पण असाच लटकणार. 2025 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं बऱ्याच भारतीय मालावर 50 टक्के टॅरिफ लावला, त्याच महिन्यात आपल्याकडं कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं, ती सूट ऐन वेचणीच्या दिवसांत डिसेंबरअखेरपर्यंत चालू राहिली. मराठवाड्यातले पुढारी सीसीआयची, म्हणजे हमीभावानं कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाची, खरेदी केंद्रं वाढवा म्हणतात, बरोबरच आहे ते, पण जिनिव्हातल्या ह्या नेमणुकांसाठी दिल्लीनं किती जोर लावलाय हे पण आपल्या खासदारांनी संसदेत विचारायला पाहिजे.