बोन ते सांतने: द्राक्षबागांमधून रमतगमत सायकल

फ्रान्स आणि सायकल म्हटलं की आपल्याला एकच गोष्ट आठवते, टूर द फ्रान्स, ते घाट, ती पिवळी जर्सी, रस्त्याच्या कडेला ओरडणारी माणसं. आजच्या व्हिडिओत त्यातलं काहीही नाहीये. बर्गंडीमधल्या बोन या गावातून निघायचं आणि द्राक्षबागांमधून सांतनेपर्यंत जायचं, अंतर साधारण २२ किलोमीटर. दणकट सायकलवाला दीड तासात उडवेल. आपण अख्खा दिवस लावणार आहोत.

निघण्याआधी बोनमधलं हे रंगीत कौलांचं छप्पर बघून घ्या. राजवाडा वाटतो ना? हे गरिबांचं हॉस्पिटल होतं. बर्गंडीच्या ड्यूकचा मुख्य प्रधान निकोला रोलँ आणि त्याची बायको गिगोन यांनी १४४३ साली ते स्थापन केलं, आणि इथे पार १९७१ पर्यंत पेशंट होते. लोकांनी शतकानुशतकं हॉस्पिटलला द्राक्षबागा दान केल्या, देवस्थानच्या इनाम जमिनी असतात तसंच समजा, आणि त्या बागांच्या वाईनचा लिलाव १८५९ पासून होतोय, हल्ली नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी. आत म्युझियम आहे पण ते निवांत दुसऱ्या दिवशी करा, नाहीतर दुपार तिथेच होते.

गावाबाहेर पडलं की सायकलचे बोर्ड दिसायला लागतात. रस्ता म्हणजे खरं तर बागायतदारांचे शेतरस्तेच, एका ट्रॅक्टरपुरते, मोठा हायवे डावीकडे खाली राहतो आणि उजवीकडे टेकडीचा उतार. ही डावी-उजवी नीट लक्षात ठेवा, कारण इथला सगळा खेळ त्यावरच आहे. खाली सपाटीला, हायवेजवळ, माती जड, पाणी साचतं, तिथली वाईन साध्या बर्गंडी नावाने विकली जाते. जरा वर आलं की बाटलीवर गावाचं नाव लागतं. त्याच्या वर, उताराच्या मध्यावर, चुनखडीची जमीन, पाण्याचा निचरा चांगला, सकाळचं ऊन थेट अंगावर, तिथे प्रीमिये क्रू आणि सगळ्यात वरचा दर्जा म्हणजे ग्राँ क्रू. अजून वर गेलात की माती पातळ होते, मग जंगल, आणि भाव परत खाली. अशा वेगवेगळ्या नावांच्या तुकड्यांना इथे क्लिमा म्हणतात, बाराशेच्या वर आहेत, २०१५ साली युनेस्कोच्या यादीत गेले. गाडीतून जाताना यातलं काहीच कळत नाही, सगळं हिरवंगारच दिसतं. सायकलवर मात्र चढ पायाला लागतो आणि कुठल्या दर्जाच्या बागेत आहोत ते मांडीलाच समजतं.

पोमार आणि मग व्होल्ने, दोन्ही रेड वाईनची गावं, द्राक्षाची जात पिनो न्वार. व्होल्नेला थोडा दम लागतो, गाव उतारावर वसलंय. पण इथे थांबायचंच, कारण बाग जवळून बघायला ही जागा झकास आहे.

नाशिक-सांगलीकडचा माणूस ही बाग बघून पहिलं विचारेल, मांडव कुठाय? मांडव नाही. वेल कमरेएवढी, दोन ओळींत जेमतेम एक मीटर, हेक्टरी दहा हजार झाडं. मग ट्रॅक्टर आत जातो कसा? तो बघा समोरून येतोय, उंच पायांचा, चाकं ओळीच्या दोन्ही बाजूंना आणि वेल त्याच्या पोटाखालून जाते. आपल्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी, इथे थंडीत वेल झोपलेली असते म्हणून वर्षाला एकच, आणि छाटलेल्या काड्या लोखंडी ड्रम कापून केलेल्या हातगाडीत तिथल्या तिथे जाळत जातात, हातही शेकतात त्यावर. आणि गंमत म्हणजे ही वेल फ्रेंच फक्त वरून आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून फिलॉक्सेरा नावाची मुळावरची कीड आली, फ्रान्सभर बागा उभ्या वाळल्या, शेवटी उपाय एकच उरला, खुंट अमेरिकन आणि वर आपलं कलम. आपल्याकडच्या बागायतदारांना हे वेगळं सांगायला नको, आपला डॉगरिज खुंटही अमेरिकेचाच, फक्त आपण तो घेतला क्षार आणि पाणीटंचाईसाठी.

हवामान बदलतंय हेही इथे कागदावर आहे. बोनच्या द्राक्षतोडणीच्या तारखांची मालिका थेट १३५४ पासून जुळवलेली आहे, त्यात १९८८ नंतरची तोडणी सरासरी १३ दिवस अलीकडे आलेली दिसते. जुन्या काळी सप्टेंबर अखेर, आता काही वर्षी ऑगस्टमध्येच कात्र्या बाहेर.

पुढचं गाव मर्सो, तिथे जेवण. पण बाराच्या आत पोहोचा हं, कारण दुपारी दोन-अडीच तास दुकानांची शटर्स खाली, पुणेकरांना अगदी घरच्यासारखं वाटेल. चर्चचा उंच दगडी मनोरा समोर ठेवून बाकावर बसायचं, बगेत म्हणजे लांब फ्रेंच पाव, चीज, आणि अंडं चालत असेल तर गुजेर, चीजचे हलके फुगीर गोळे, गरम मिळाले तर सोडू नका. इथून पुढे व्हाईट वाईन, द्राक्षाची जात शार्दोने. चाखायची असेल तर चाखा आणि थुंका, त्यासाठी भांडं ठेवलेलंच असतं, आणि लाजू नका, इथे दारू पिऊन सायकल चालवली तरी पोलीस धरतात, मर्यादा गाडीवाल्यांचीच, रक्तात लिटरला अर्धा ग्रॅम.

प्युलिन्यी-मोंराशे आणि शासान्य-मोंराशे. मोंराशे हे गावाचं नाव नव्हेच, ते एका बागेचं नाव, दोन्ही गावांना तिचा थोडा थोडा भाग आलाय, आणि १८७९ साली दोघांनीही ते आपल्या नावाला जोडून घेतलं. ब्रँडिंग म्हणतात ते हेच! बाग केवढी? आठ हेक्टर, आपले वीस एकर. हा बुटका दगडी गडगा, हे फाटक, त्यावर नाव, बस. ना सिक्युरिटी ना तिकीट. रस्त्याच्या खालच्या बाजूची बाग बातार-मोंराशे, तीही ग्राँ क्रू, तेच शार्दोने, पण बाटलीचा भाव उतरतो. मधला रस्ता एका ट्रॅक्टरचा. आत शिरू नका, घड तोडू नका, फोटो बाहेरूनच.

शासान्यच्या वर दगडाच्या खाणी दिसतात, मग उतार लागतो आणि सांतने येतं. पाय शाबूत असतील तर थांबू नका, कालव्याच्या काठाने शान्यी गाठा, पाचेक किलोमीटर, सपाट. तिथून बोनला लोकल ट्रेन आहे, सायकल डब्यात घेता येते, फक्त सुट्टीच्या दिवसांत जागा भरलेली असते म्हणून शेवटच्या गाडीवर विसंबू नका.