एमएचए करायचंय? फी भरायच्या आधी कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन या

नमस्कार मंडळी. आवाज नीट येतोय ना? मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट माझ्या पंख्याच्या घरघरीवर होत्या, म्हणून आज पंखा बंद ठेवलाय. घाम दिसला तर तो तुमच्यामुळे.

तर, ॲडमिशनचा सीझन आला की माझा इनबॉक्स एकाच प्रश्नानं भरतो. 'ताई, बीएचएमएस झालंय, हॉस्पिटल मॅनेजमेंट करू का?' कधी बीएचएमएसच्या जागी बीएएमएस, बीडीएस, बीफार्म, नर्सिंग, प्रश्न तोच. यंदा एका काकांनी मुलाच्या सगळ्या मार्कलिस्ट पाठवल्या, वर आधार कार्डही. काका, मार्क छान आहेत पोराचे. पण आधार मला कशाला?

बेसिक पटकन उरकते. एमएचए म्हणजे मास्टर ऑफ हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशन, दोन वर्षांची मास्टर्स. मुंबईच्या टिसची, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसची, प्रसिद्ध आहे. एमबीए इन हॉस्पिटल किंवा हेल्थकेअर मॅनेजमेंट ही विद्यापीठाची डिग्री. आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांना राज्याची एमबीए सीईटी चालते, पुण्यात सिंबायोसिसला त्यांची स्वतःची स्नॅप परीक्षा द्यावी लागते. पीजीडीएम हा डिप्लोमा असतो, त्याला एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, मान्यता आहे का एवढं बघायचं. गोव्यात साखळीला जीआयएममध्ये, म्हणजे गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटमध्ये, हेल्थकेअरचं पीजीडीएम आहे. जयपूरची आयआयएचएमआर ही संस्था १९८४ पासून याच विषयात आहे. एमबीबीएसवाल्यांचा रस्ता वेगळा: पुण्याला लष्कराच्या मेडिकल कॉलेजात, एएफएमसीत, हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये एमडी होते, दिल्लीच्या एम्सचा हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचा कोर्ससुद्धा डॉक्टरांसाठीच आहे. कुठली परीक्षा, किती जागा, हे दरवर्षी हलतं. त्या त्या वर्षीची नोटीस वाचा, माझा दोन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ बघून फॉर्म भरू नका. एकानं भरला होता, आणि मलाच शिव्या घातल्या.

आणि एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्याची मास्टर्स, ती एमएचए नव्हे. एमपीएचवाला वस्तीत डेंग्यूचे पेशंट किती वाढले ते मोजतो. एमएचएवाला त्या पेशंटना बेड कुठून आणायचे ते बघतो. सरकारी बाजूला, म्हणजे राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिरातींत, 'वैद्यकीय पदवीधर, सोबत एमपीएच किंवा एमएचए किंवा एमबीए हेल्थ' अशी अट बऱ्याचदा दिसते. त्यामुळे बीएएमएस, बीएचएमएसवाल्यांना तो दरवाजाही उघडतो. बस, झालं बेसिक.

आता मुद्द्याचं. तुम्ही मला फी विचारता, पॅकेज विचारता, हॉस्टेलचं जेवण कसं असतं तेही विचारता. एक गोष्ट कुणीच विचारत नाही: या कॉलेजची मुलं इंटर्नशिपला नेमकं काय करतात? 'कुठे जातात' हे विचारतात, कारण ब्रोशरवर मोठमोठ्या हॉस्पिटलांचे लोगो छापलेले असतात. पण त्या हॉस्पिटलात पोरं सहा आठवडे कुणाच्या हाताखाली होती आणि काय करत होती, ते लोगो सांगत नाही.

माझंच सांगते. मी मूळची फिजिओ, सातारकडची. एमएचएच्या पहिल्या उन्हाळ्यात एका मोठ्या हॉस्पिटलात गेले. नाव घेत नाही, कमेंटमध्ये अंदाजही बांधू नका. पहिले तीन आठवडे मी काय केलं? पेशंटना फीडबॅक फॉर्म वाटले, परत गोळा केले आणि एक्सेलमध्ये भरले. 'पाण्याची चव कशी होती? उत्तम, चांगली, बरी.' ते फॉर्म कुणीही वाचत नव्हतं. चौथ्या आठवड्यात तिथल्या क्वालिटीच्या मॅडमनी विचारलं, 'तुला कंटाळा आलाय का?' मी खरं ते सांगितलं. त्यांनी एक वही दिली आणि म्हणाल्या, 'तिसऱ्या मजल्यावर जा. डॉक्टरांनी डिस्चार्ज सांगितल्यापासून पेशंट लिफ्टमध्ये शिरेपर्यंत काय काय होतं, घड्याळ लावून लिही.'

मंडळी, माझं एमएचए तिथून सुरू झालं.

तिसऱ्या मजल्यावर कोरेगावकडचे एक आजोबा होते, हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. सकाळी नऊच्या राउंडला सर म्हणाले, 'जा घरी आज.' साडेनऊला आजोबा पायात चपला घालून, मांडीवर टोपी ठेवून कॉटवर बसलेले. पिशवी भरलेली. मी वही घेऊन उभी. सर पुढच्या वॉर्डात गेले, तिथून ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये. आरएमओला, म्हणजे वॉर्डाच्या ड्यूटी डॉक्टरला, डिस्चार्ज समरी लिहायची होती, पण तोही ओटीतच. समरी टाइप झाली पावणेबाराला. मग सिस्टरनी उरलेली इंजेक्शनं, सलाइन, सिरिंज ट्रेमध्ये मोजली. ती फार्मसीला परत गेल्याशिवाय बिल बंद होत नाही. वॉर्डबॉय मामा ट्रे घेऊन खाली गेले, तर रिटर्नची खिडकी जेवणासाठी बंद. फाइल बिलिंगला पोचली दोनच्या पुढे, तिथून इन्शुरन्स डेस्क, तिथून टीपीएकडे, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणाऱ्या एजन्सीकडे. टीपीएनं एक क्वेरी काढली, डॉक्टरांच्या सहीचा कागद नीट दिसत नाही म्हणून. आजोबा दर अर्ध्या तासानं मला विचारायचे, 'ताई, आमचं काय राहिलंय?' मी हॉस्पिटलची नव्हतेच, पण गळ्यात कार्ड होतं ना. ते निघाले सहा वाजता. साताऱ्याची पुढची एसटी किती वाजता आहे, तेही मीच बघून दिलं.

अख्खं हॉस्पिटल सांगत होतं की उशीर टीपीए करतो. मी चाळीसेक पेशंटच्या नोंदी घेतल्या. टीपीए उशीर करत होता, खोटं नाही. पण बहुतेकांचा अर्धा दिवस फाइल टीपीएकडे जायच्या आधीच संपलेला होता! समरीत आणि त्या औषधाच्या ट्रेमध्ये.

आता २०२४ मध्ये इर्डाचं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचं, परिपत्रक आलंय, की डिस्चार्जची विनंती मिळाल्यापासून विमा कंपनीनं तीन तासांत मंजुरी द्यायची, आणि त्यापुढे उशीर होऊन हॉस्पिटलनं जास्तीचे पैसे लावले तर ते कंपनीनं सोसायचे. व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड फिरला, 'आता तीन तासांत घरी!' अहो, तो काटा विनंती कंपनीकडे पोचल्यावर सुरू होतो. आजोबांचे सकाळी नऊ ते दोन हे तास त्या नियमात कुठेच नाहीत. ते तास हॉस्पिटलचे, आणि ते कमी करायला ज्याला पगार मिळतो त्याला हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणतात. एका कमेंटमध्ये होतं, 'म्हणजे एसी केबिनमधला रिसेप्शनिस्टच ना?' भाऊ, रिसेप्शनवर आठ तास उभं राहून बघा आधी, मग दोघांनाही नावं ठेवा.

त्यावर उपाय काही मोठा नव्हता. उद्या कोण जाणार हे संध्याकाळच्या राउंडलाच ठरवायचं, समरीचा कच्चा मसुदा रात्रीच्या आरएमओनं करायचा आणि औषधं आदल्या रात्रीच परत पाठवायची. एका वॉर्डात करून बघितलं. महिनाभर छान चाललं. मग ती इन्चार्ज सिस्टर दुसऱ्या मजल्यावर गेली आणि गाडी परत मूळपदावर. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, की सिस्टर बदलली की सिस्टीम बदलते.

बरं, हेच आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं बघा. गेली काही वर्षं मी इंटरव्ह्यूला पॅनेलवर बसते. माझा पहिला प्रश्न ठरलेला: 'इंटर्नशिपमध्ये काय मोजलंस?' शिकलास काय, असं नाही विचारत, मोजलंस काय? उत्तरं ऐका. 'मॅम, आय वॉज पार्ट ऑफ द ऑपरेशन्स टीम.' म्हणजे? 'सगळ्या डिपार्टमेंटला एक्सपोजर मिळालं.' प्रत्येक डिपार्टमेंटमध्ये दोन दिवस, आणि शेवटच्या दिवशी सर्टिफिकेटसोबत फोटो. मी विचारते, पिवळ्या पिशवीत काय टाकतात? गप्प. बायोमेडिकल वेस्टचे, म्हणजे हॉस्पिटलचा कचरा रंगानुसार वेगळा करायचे, नियम २०१६ चे आहेत, पिवळा, लाल, पांढरा, निळा हे रंग आमच्या मावशींना झोपेत विचारले तरी सांगतील. ज्या पोरीनं एकाच ओपीडीत बसून 'रक्त दिल्यापासून रिपोर्ट हातात येईपर्यंत किती वेळ' एवढंच मोजलेलं असतं, ती पाच मिनिटांत पुढे जाते. तिचं कॉलेज कुठलं, हे मी नंतर बघते. हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या यादीतही डिस्चार्जला लागणारा वेळ हा मोजायचा निर्देशांक आहे, त्यामुळे असं मोजलेला माणूस हॉस्पिटलला पहिल्या दिवसापासून उपयोगी पडतो.

कुणीतरी लिहिलं होतं, 'तुम्ही डॉक्टर नाही, मग डॉक्टरांना काय सांगणार?' सर, मी सर्जनला टाका कसा घालायचा ते सांगत नाही. त्यांची पहिली केस आठची असताना पेशंट पावणेनऊला ओटीत का पोचला, ते सांगते. आकडा दाखवला की ऐकतात. चिडतात, पण ऐकतात.

अमेरिकेला जाणाऱ्यांसाठी एक मिनिट. तिथे सीएएचएमई म्हणून मान्यता देणारी संस्था आहे, तिच्या यादीत कोर्स आहे का बघा. तिथे डिग्रीनंतर हॉस्पिटलांच्या ॲडमिनिस्ट्रेटिव्ह फेलोशिप असतात, त्यांतल्या बऱ्याच फेलोशिपना त्या मान्यतेचीच डिग्री लागते. आणि व्हिसाचं काय, ते फी भरायच्या आधी विचारा. पुढे काय, तर फिरून तेच. तिथल्या मुलांनाही विचारा, तुम्ही नेमकं काय केलंत?

आता हे कॉलेजला विचारायचं कसं? फोनवर ॲडमिशन काउन्सेलर म्हणेल, 'हंड्रेड पर्सेंट इंटर्नशिप.' त्यावर वाद घालू नका. प्रत्यक्ष जा. लायब्ररीत मागच्या बॅचचे प्रोजेक्ट रिपोर्ट ठेवलेले असतात, ते दाखवा म्हणा. पाच रिपोर्ट काढा. त्यात आकडे मुलानं स्वतः उभं राहून घेतलेत की नुसतेच पाय चार्ट आहेत, हॉस्पिटलमधल्या कुणाची सही आहे का, शेवटी दिलेला उपाय कुणी करून बघितला का, एवढं वाचा. अर्धा तास लागतो. दोन वर्षांच्या फीपुढे अर्धा तास!

मागच्या महिन्यात मिरजेकडच्या एका मुलीला हेच सांगितलं. तिचा मेसेज आला, 'ताई, ते म्हणतात लायब्ररी बंद आहे.' मी म्हटलं, सोमवारी उघडते का विचार. सोमवारी ती आईला घेऊन गेली. सहा रिपोर्ट मिळाले. सहाही रिपोर्टचं शीर्षक 'पेशंट सॅटिसफॅक्शन'. चौथ्या रिपोर्टच्या कव्हरवर एका हॉस्पिटलचं नाव, आणि आत पान बारावर भलत्याच हॉस्पिटलचं, पहिल्या रिपोर्टमधलं, बदलायचं राहून गेलेलं. तिनं मला फोटो पाठवला, त्यात पानावर आईचं बोट आहे.

तिथे प्रवेश घेतला नाही तिनं. फॉर्मचे पैसे परत मागितलेत, आले की कमेंटमध्ये सांगते. चला, मी पंखा लावते.